लहान पोरांना घेऊन खान्देशात कुठे फिरायचं? देवळं सोडून सांगा प्लीज

माहेरवाशीण:
नमस्कार मंडळी. दिवाळीत पोरांना घेऊन जळगावला माहेरी येतेय, भाऊबीज झाल्यावर पण मुक्काम आहे आणि भावाची गाडी मोकळी असते, त्यामुळे यावेळी पोरांना जरा खान्देश दाखवावा असं डोक्यात आहे. मुलगी पाचवीत, मुलगा चार वर्षांचा, आणि सोबत आई. तिचे गुडघे दुखतात पण गाडीत बसून यायची तिला भारी हौस. घरी विचारलं की जो तो देवळांचीच लिस्ट सांगतो. आई म्हणते पद्मालय, मामी म्हणते मनुदेवी, काका म्हणतात मुक्ताई आणि तिथूनच चांगदेव. मला देवाधर्माचं वावडं नाहीये हो, पण मुलगा रांगेत पाच मिनिटं उभा राहत नाही आणि मुलगी तोंड वाकडं करून विचारते, मम्मी इथे करायचं काय? पुण्यात मॉल, प्ले झोन सगळं बघून झालंय, तेच परत नकोय. जे स्वतः लहान पोरं घेऊन फिरलेत त्यांनीच सांगा, टॉप टेनच्या याद्या मलाही दिसतात. ऊन किती, टॉयलेटचं काय, पोरं खरंच रमली की नुसते फोटो काढून आलात, असं खरंखरं सांगा.

भुसावळचा भो:
काय ताई, चार वर्षांच्या पोऱ्याला एवढं काय फिरवायचं, त्याला जळगावहून भुसावळला रेल्वेने आणा. पंचवीसेक किलोमीटर, तिकीट किरकोळ. मधे भादली स्टेशन लागतं, तिथेच १९१८ साली बालकवींचा रेल्वेखाली अपघात झाला होता, मुलीला शाळेत त्यांची कविता असेलच, तिला दाखवा. भुसावळला उतरून पुलावर उभं राहायचं आणि मालगाडीचे डबे मोजायचे. आमचा पोऱ्या मोजता मोजता झोपतो. वडापाव खायचा, परतीची गाडी धरायची. गर्दीच्या टायमाला नका येऊ फक्त, दिवाळीत जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते.

स्वाती_पिंप्राळा:
सरळ वॉटर पार्कला न्या ना, पोरं दिवसभर पाण्यात खूश, आपणही खूश. कशाला डोकं लावायचं.

दोन पोरांचा बाप, चाळीसगाव:
माझ्या घरी एक सहावीतली आणि एक बालवाडीतला, म्हणजे तुमच्यासारखंच कॉम्बिनेशन, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी माझं मत, पटलं तर घ्या. पोरं सोबत असली की दिवसाला एकच ठिकाण आणि त्या ठिकाणी पोरांच्या हाताला काहीतरी काम मिळालं पाहिजे. आपल्याकडे लोक अंधारात निघून दिवसात पाच ठिकाणं उरकतात, प्रत्येक ठिकाणी उतर, फोटो काढ, बस गाडीत, आणि संध्याकाळी पोरं चिडचिडी झाली की त्यांनाच ओरडतात. वॉटर पार्कला माझा विरोध नाही पण आम्ही एका ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही, घरची पोळीभाजी गेटवरच काढून घेतली आणि आत लहान पोराला साधा वरणभात मिळेना. पाण्यात पोरं खूश होतात हे खरंय, पण ते पुण्यातही होतात, त्यासाठी जळगावला यायची गरज काय?

आता पाटणादेवी. हो, देऊळच आहे, पण मी देवळासाठी सांगत नाहीये. चाळीसगावपासून १८ किलोमीटर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत, तिन्ही बाजूंनी डोंगर. पावसाळा नुकताच संपलेला असतो त्यामुळे दिवाळीत हिरवळ असते आणि ओढ्याला थोडंफार पाणी असतं. देवळाला सरळ चार भिंती नाहीत, बाहेरून कोपरेच कोपरे आहेत, पोरांना ते मोजायला लावा, प्रत्येक फेरीत वेगळा आकडा येतो आणि भांडण लागतं. या पाटणचं महत्त्व म्हणजे गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या दरबारात ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला होता. तसा शिलालेखच आहे, डॉ. भाऊ दाजींनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, त्यांचा गणिताचा ग्रंथ लीलावती ११५० चा. हे असं सांगितलं तर पोरं जांभई देतात, माझीपण दिली. म्हणून मी लीलावतीतलं मोराचं गणित काढलं.

नऊ हात उंच खांब, त्याच्या बुडाशी सापाचं बीळ, वर मोर बसलेला. साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे सरपटत येतोय. मोराने झेप घेतली आणि दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर मोराने सापाला धरलं? पोरीला पायथागोरस अजून यायचाय, म्हणून ओढ्याच्या वाळूत हाताऐवजी वीत धरून काडीने आखलं. उभी रेघ नऊ विती, आडवी सत्तावीस विती. धाकटा साप झाला, पोटावर पडून सरपटत यायचा. पोरगी एक खडा आडव्या रेघेवर ठेवायची आणि खांबाच्या टोकापासून खड्यापर्यंत सुतळी ताणायची, मग तीच सुतळी सापाच्या बाजूला लावून बघायची, जास्त आली की खडा सरकवायचा. दहावर ठेवला, जमेना. तेरावर ठेवला, जमेना. बारावर ठेवला तेव्हा सुतळी पण पंधरा विती आणि साप पण पंधरा विती, आणि पोरगी एवढ्याने ओरडली की बाजूला स्वयंपाक करणारी मंडळी बघायला आली. तिला मी शाळेत गणितावर असं ओरडताना बापजन्मात पाहिलं नव्हतं.

प्रॅक्टिकल गोष्टी. माकडं भयंकर आहेत, हातात पिशवी दिसली की अंगावर येतात, खाणं गाडीत बंद ठेवा आणि पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा तर अजिबात नको. केदारकुंडाकडे चालत जावं लागतं, आईंना देवळापाशीच सावलीत बसवा. पितळखोऱ्याची लेणी जवळ आहेत म्हणून कोणी सांगेल, पायऱ्या खूप आहेत, चार वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन तुमची कंबर जाईल, सोडून द्या. टॉयलेट चाळीसगावातच उरकून घ्या. आणि जंगल आहे, बिबट्या आहे, दिवस मावळायच्या आत रस्त्याला लागा.

जळगावातच म्हणाल तर जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ, शिरसोली रोडला. २०१२ ला सुरू झालंय. कानाला हेडफोन लावून एकेका दालनात फिरायचं असतं. मोठी मुलगी रमेल, स्वच्छ आहे, टॉयलेट व्यवस्थित, पण धाकट्याला आत नेऊ नका. तिथे शांतता पाळावी लागते आणि चार वर्षांच्या पोराला शांत रहा म्हणणं म्हणजे बोक्याला दुधाची राखण सांगणं. एकाने धाकट्याला मेहरूण तलावावर न्यायचं, दुसऱ्याने मोठीला आत. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाईंचं घर आहे, त्यांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्यात, अर्ध्या तासात होतं, मुलगी पाचवीत आहे तर नक्की न्या.

पांझराकाठची:
दादा, मोराचं गणित आमच्या घरी आज रात्रीच होणार आहे. पण दिवसाला एकच ठिकाण हे काही मला पटलं नाही. पोरांपोरांत फरक असतो, माझा मुलगा एका जागी तासाभराने कंटाळतो, त्याला सारखं पुढे पुढे हवं असतं. आम्ही धुळ्याहून सकाळी लळिंगचा किल्ला करतो, मुंबई आग्रा हायवेला लागूनच आहे, गावातून वाट जाते, चढ बेताचा आहे आणि वरून हायवेचे ट्रक मुंगीएवढे दिसतात, पोरांना तेवढंच पुरतं. उतरून लळिंग कुरणात लांडोर बंगला, तिथे बाबासाहेब आंबेडकर राहिले होते, बाहेरगावच्यांना कोणालाच माहीत नसतं. मग दुपारी सोनगीरला, तिथे तांब्यापितळेची भांडी बनवणारे कारागीर आहेत, हातोडीने पत्र्याला आकार देत बसतात, माझी मुलं त्या ठोक ठोक आवाजापाशी खिळून बसली होती. किल्ल्यावर सावली मात्र नाही, दहाच्या आत खाली उतरा. ऑक्टोबरचं ऊन असलं तर साडेनऊ.

आणि ताई, तोरणमाळ कोणी सुचवलंच तर एका दिवसात अजिबात नको. जागा सुंदर आहे, यशवंत तलाव, सीताखाई, थंडीत तर तोंडातून वाफा निघतात आणि पोरांना त्याचीच गंमत. पण शहाद्यापासून पुढे घाट आहे आणि त्या वळणांवर आमच्या दोघांनीही ओकाऱ्या केल्या, गाडीत वास राहिला तो राहिलाच. मुक्काम करणार असाल तरच जा, घाटाआधी पोरांना पोटभर खाऊ घालू नका आणि सीताखाईच्या कडेला हात सोडू नका. जळगावहून गाडीने जाऊन त्याच दिवशी परत म्हणजे पोरांवर अन्याय आहे.

दोन पोरांचा बाप, चाळीसगाव:
ताई तुम्ही सांगितलेली तिन्ही ठिकाणं एकाच रस्त्यावर आहेत आणि तुमचं गाव तिथेच आहे म्हणून जमतं. माझं म्हणणं लांबून येणाऱ्यांसाठी होतं. सोनगीरचं डोक्यातच आलं नव्हतं, हे भारी आहे.

नवापूर पॅसेंजर:
आमच्या नंदुरबारकडचं कोणी विचारतच नाही म्हणून लिहितोय. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत आहे. प्लॅटफॉर्मवर एक बाकडं आहे त्यावर मधोमध राज्याची हद्द रंगवलीय, पोरं या बाजूला बसतात, सरकून त्या बाजूला जातात, आणि मी गुजरातला जाऊन आलो म्हणून शाळेत सांगतात. अनाउन्समेंट चार भाषांत होते. माझ्या भाच्याने बाबांना मोबाइलवरून फोन लावून सांगितलं की मी आत्ता दोन राज्यांत बसलोय. खर्च फक्त तिकिटाचा. जळगावहून सुरत लाइनवरच आहे पण लांब पडेल, सुरतेला जायचं असेल तेव्हा खिडकीतून तरी दाखवा.

दुसरं सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, पण ती दत्तजयंतीला, म्हणजे डिसेंबरात. दिवाळीला यात्रा नाही. नाताळच्या सुट्टीत माहेरी आलात तर विसरू नका, देशभरातून घोडे येतात, नाचणारे घोडे असतात, पाळणे असतात. पोरांना घोड्याच्या मागे उभं राहू द्यायचं नाही एवढं एक सांभाळा.

स्वाती_पिंप्राळा:
अरे वॉटर पार्कवर एवढं का चिडलात सगळे 😄 हतनूर धरण पण चांगलं आहे थंडीत, पक्षी येतात बाहेरून, दुर्बीण असली तर मजा. धरणाला ४१ दरवाजे आहेत, मोजा म्हणावं पोरांना, मोजायचीच हौस दिसतेय इथे सगळ्यांना.

यावलचे नाना:
बेटा, पोरेस्ले मामाना वावरमा लई जा. बैलगाडीवर बसाडा, इहीर दखाडा, बाकी त्या स्वता दखतीन. मी खरं सांगस.

केळीवाली वहिनी:
नाना म्हणतात ते एकदम बरोबर. आमचं भालोदकडे शेत आहे, पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की सगळ्यात जास्त पोरं रमतात ती भरीत पार्टीत. दिवाळीनंतर हिरवी पांढुरकी भरताची वांगी यायला लागतात, जळगावच्या भरीत वांग्याला जीआय टॅग पण मिळालाय. शेतात खड्डा करून तुराट्या पेटवायच्या आणि त्यावर वांगी. पोरांना काम द्यायचं असेल तर वांग्यांना टोचे मारायचं काम द्या, काडीने चारपाच ठिकाणी. आमच्या एका पाहुण्यांच्या मुलाने दोन वांग्यांना मुद्दाम टोचे मारले नाहीत, काय होतं बघायला, आणि त्यातलं एक असं फुटलं की राख सगळ्यांच्या अंगावर. मोठी माणसं ओरडली आणि झाडून सगळी पोरं म्हणाली अजून एक ठेवा. मग साल काढून लाकडी बडजीत ठेचायचं, मिरची-लसूण-दाणे-कांद्याची पात, आणि कळण्याच्या पुऱ्या. तिखट वेगळं काढून ठेवा पोरांसाठी आधीच, नंतर आठवून उपयोग नाही. विस्तवाजवळ चार वर्षांच्या पोरावर एक माणूस नुसता लक्ष ठेवायला लागतो, गप्पा मारायला नाही. ओळखीचं शेत असलं की आईंना बाजेवर बसता येतं, पायऱ्या नाहीत, तिकीट नाही, आणि त्यांना पोरांपेक्षा जास्त मजा येईल.

केळीच्या बागेत पण न्या, कापणी चालू असेल तर घड खांद्यावर घेऊन गाडीत कसे रचतात ते पोरं टक लावून बघतात. पांढरे कपडे घालू नका, केळीच्या चिकाचे डाग मरेपर्यंत जात नाहीत.

माहेरवाशीण:
अहो किती भारी माहिती दिलीत सगळ्यांनी, आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली भरीत पार्टीसाठी देवळं सोडते मी 😄 मामांचं शेत आहे आसोद्याजवळ, त्यांना आत्ताच फोन लावते. पाटणादेवी नक्की. पण एक राहिलं, अजिंठ्याचं कोणीच काही लिहिलं नाही? आपल्याकडून साठेक किलोमीटरच आहे ना, पण मला भीती वाटते की लेणी म्हणजे पोरं दहा मिनिटांत घरी चला म्हणणार. आणि आईचं काय करू? मुलाची बाबागाडी नेऊ का?

सहलवाली बाई:
मी शिक्षिका आहे, शाळेच्या सहली घेऊन अजिंठ्याला जाणं होतं आणि स्वतःच्या पोरांना घेऊनही गेलेय, म्हणून सांगते. बाबागाडी घरीच ठेवा, पायऱ्याच पायऱ्या आहेत. तुमची गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला लावायची, तिथून लेण्यांपर्यंत साधारण चार किलोमीटर सरकारी बसने जायचं. मुलाला ती बसच आवडेल बघा. १५ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. आईंसाठी खाली डोलीवाले असतात, खुर्चीत बसवून चार माणसं वर नेतात, भाव आधी ठरवा, आणि त्या लाजतील तर सांगा की आजकाल सगळेच बसतात.

सगळी लेणी दाखवायच्या फंदात पडू नका. तीन बास. पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर मोठी माणसं गर्दी करतात, तुम्ही पोरांना खांबाकडे न्या, तिथे चार हरणं कोरलीत आणि चौघांना मिळून डोकं एकच आहे. कुठल्याही हरणाकडे बघा, डोकं त्याचंच वाटतं. पोरं आळीपाळीने तीन हरणं हाताने झाकून बघतात, अर्थात लांबूनच, खांबाला हात लावू द्यायचा नाही. मग दहावं लेणं. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज शिकारीला आला आणि त्याला ही लेणी दिसली, आणि पठ्ठ्याने काय केलं तर खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली. तेव्हा आत मातीचा ढीग होता, त्यावर उभं राहून कोरलंय, म्हणून आज ते नाव आपल्या डोक्याच्या वर आहे. माझ्या वर्गातली मुलं विचारतात की बाई, मग त्याला दंड झाला का? शेवटी सव्वीसावं, तिथे बुद्धाची झोपलेली भली मोठी मूर्ती आहे, महापरिनिर्वाणाची. चार वर्षांच्या मुलाला ती लांबी पावलांनी मोजू द्या. (स्वातीताई, माफ करा, परत मोजणं आलंच.)

चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून सगळ्यांना मोजे घाला, दुपारी दगड तापतो. फ्लॅश चालत नाही. पाणी भरपूर घ्या, टोप्या घ्या. आत अंधार असतो, डोळे सरावायला दोन मिनिटं द्या, पोरांना सांगा डोळे मिटून वीस आकडे म्हणा आणि मग उघडा, चित्रं जास्त दिसतात. सकाळी लेणी उघडल्या उघडल्या गेलात तर गर्दीच्या आधी बाहेर पडाल.

माहेरवाशीण:
बाई, तुमच्यामुळे धीर आला. मग असा प्लॅन करते, शनिवारी पाटणादेवी, रविवारी मामांच्या शेतात भरीत, सोमवारी अजिंठा. त्यानंतर एक दिवस धाकट्याला भुसावळची रेल्वे. मोजे चौघांचे काढून ठेवले.

भुसावळचा भो:
ताई सोमवारी अजिंठा बंद असतं. सोमवारी रेल्वेने इकडे या, अजिंठा मंगळवारी.